शंभरात किती खराब

१२ सप्टेंबर १९७७, सोमवार

आजपासून माझ्या दोन वह्या. एक निळ्या पुठ्ठ्याची, आमच्या मालकांनी, चिंतामणरावांनी दिलेली. तिच्यात रोजचे आकडे लिहायचे. दुसरी ही, येताना गणपती पेठेत मीच घेतली. निळ्या वहीत 'काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत कुणाशी बोलले नाही' असं लिहिता येत नाही, म्हणून ही.

काम असं आहे. आमच्या कुपवाडच्या शेडमध्ये रेडिओच्या आतली सर्किटची बोर्डं तयार होतात. चौघीजणी बोर्डाच्या भोकांत सुटे भाग बसवतात आणि सातजणी तापलेल्या आयर्नने ते मागच्या बाजूने सोल्डर करतात. एकेका बोर्डाला साठ-सत्तर टाके. टाका हा शब्द बायकांचा, पण चपखल आहे. आता पुण्याच्या रेडिओ कंपनीला दुप्पट बोर्डं हवीत. ती द्यायची तर एक तर नवी बाकं, नवी आयर्नं घेऊन आणखी बायका बसवायच्या, नाही तर मशीन घ्यायचं. मशीन म्हणे अख्खं बोर्ड वितळलेल्या सोल्डरवरून नेतं आणि चार सेकंदांत सगळे टाके एकदम पडतात.

चिंतामणराव म्हणाले, "शरयूताई, मशीन दिवाळीपर्यंत तपासून बघायला मिळतंय. रोज शंभर बोर्डं बाकांवरची, शंभर मशीनवरची. शंभरात किती खराब, एवढंच मला सांगा. पाडव्याला मी पुण्याला उत्तर देणार, आणि तुम्ही सांगाल तेच देणार. सोल्डर तुम्हाला कळतं, मला फक्त पुणं कळतं."

मग आवाज उतरवून म्हणाले, "मशीन राहिलं तर त्या सातजणींना काम उरणार नाही. पण ते तुम्ही डोक्यात धरू नका."

डोक्यात कशाला धरू? मी सुपरवायझर आहे. आकडे लिहीन.

१८ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. धुणं, पाणी, वरणभात. दुपारी आयर्विन पुलापर्यंत जाऊन आले. कृष्णेला पाणी बरंच आहे. परत आले तेव्हा साडेचारच वाजले होते. रविवारचे साडेचार फार वेळ टिकतात.

२६ सप्टेंबर, सोमवार

मशीन आलं. ट्रकमधून उतरवायला आठ माणसं लागली. लांबीला आमच्या दोन बाकांएवढं. एका टोकाला फ्लक्सचा ट्रे, मध्ये शेगडी, पलीकडे सोल्डरचा हौद. फ्लक्स म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली राळ. ती लावल्याशिवाय सोल्डर तांब्याला धरत नाही. स्पिरिट उडून जाऊ नये म्हणून ट्रेवर झाकण आहे. बायकांनी लगेच त्या ट्रेचं नाव परात ठेवलं.

मशीनचं नाव मात्र अंबूबाईने ठेवलं. अंबूबाई सातजणींत सगळ्यात थोरली, कुपवाडचीच, पंचेचाळिशीची असेल. आधी सांगलीत हळदीच्या वखारीत पोती भरायची. तिथली पूड छातीत बसून खोकला लागला, म्हणून तीन वर्षांपूर्वी इकडे आली. ती मशीनभोवती एक चक्कर मारून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, चांगली सवत आणली की वो आमच्या उरावर!"

सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण पुण्याचा मेकॅनिक शेजारी उभा होता.

४ ऑक्टोबर, मंगळवार

मशीन: शंभरात दोन खराब. बाकं: शंभरात सात.

६ ऑक्टोबर, गुरुवार

मशीन: दोन. बाकं: सहा.

मशीनचा टाका मी भिंगाखाली पाहिला. काय देखणा! सगळे सारखे, सगळे चकचकीत, कुठे गाठ नाही की टोक नाही. मला सोल्डर शिकवलं ह्यांनी. साताऱ्यात राजवाड्याजवळ आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हे म्हणायचे, टाका पाण्याच्या थेंबासारखा बसला पाहिजे, मोहरीसारखा नाही. मी दोन वर्षं मोहऱ्या पाडल्या, मग थेंब जमायला लागले. हे गेले त्याला मार्चमध्ये नऊ वर्षं झाली. दिरांनी दुकान विकलं. मी माहेरी वाईला गेले, आणि वहिनीने तोंडावर काही म्हणायच्या आत इकडे सांगलीला आले. येताना ह्यांचं लाकडी मुठीचं आयर्न तेवढं आणलं. या सातजणींना मी त्याच आयर्नवर शिकवलंय.

मशीनला कुणी शिकवावं लागलं नाही. आकडा चांगला आला, तर मला बरं वाटायला हवं होतं. संध्याकाळी जेवावंसंच वाटलं नाही. पित्त झालं असावं.

८ ऑक्टोबर, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत बायका बाकांच्या मागे चटई टाकून गोल बसतात. मी माझ्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून. सुपरवायझरने वेगळं बसावं, ही माझीच पद्धत, कुणी घालून दिलेली नाही. सगळं ऐकू येतं. आज विजयमालाच्या लग्नाचं चाललं होतं. मुलगा पलूसचा, पलटणीत आहे. अंबूबाई तिला म्हणाली, "पलटणवाला बरा गं. वर्साचं दोन म्हयने भांडायचं, मग लांबनं पिरेम."

जेवण झाल्यावर विजयमाला माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पोर चटपटीत आहे, सातजणींत तिचाच हात सगळ्यात भरभर चालतो.

"बाई, आकडं कुणाचं चांगलं?"

"अजून चालू आहे."

"तरी पन?"

"विजयमाला, ते मालकांना सांगायचं असतं."

"व्हय," म्हणाली आणि गेली. खरं तर चार शब्द चांगले बोलता आले असते. पण काय बोलणार? हातच्या काकणाला आरसा कशाला, तिलाही दिसतंय.

१६ ऑक्टोबर, रविवार

खाली घरमालकिणीकडे नवरात्राचं हळदीकुंकू होतं. चार वाजल्यापासून जिन्याशी चपलांचा ढीग आणि बांगड्यांचे आवाज. मी वर दार लोटून घेतलं, म्हणजे कुणाला अवघडायला नको. सगळ्या गेल्यावर मालकिणीने मुलीच्या हाती वाटीभर खिरापत पाठवली. चांगली बाई आहे. दर वर्षी न चुकता पाठवते.

खिरापत सकाळपर्यंत तशीच राहील असं दिसतंय.

२० ऑक्टोबर, गुरुवार, खंडेनवमी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आमच्याकडे पकडी, कात्र्या, आयर्नं सगळं पुसून एका बाकावर मांडतात. चिंतामणराव कामासाठी पुण्याला गेलेले. नारळ बाहेर पायरीवर फोडला. मशीनजवळ उदबत्ती आणि निरांजन न्यायचं नाही असं मी बजावलं होतं, स्पिरिट भडकायला वेळ लागत नाही. त्यामुळे मशीनची पूजा नुसत्या झेंडूच्या माळेची आणि हळदकुंकवाची.

अंबूबाईने करंडा पुढे केला. मला वाटलं, धरायला दिलाय.

ती म्हणाली, "धरताय काय? लावा."

मी म्हणाले, "अंबूबाई, मी कशी लावू? तुम्ही कुणीतरी लावा."

"आवं, मशीनला काय कळतंय सवाशीण का इधवा! आमाला टाका तुमी शिकवला, तवा आमच्या घरात चूल पेटती. ह्या समद्याला पयला हात तुमचाच लागला पायजे." मग झाकणाकडे बोट दाखवून म्हणाली, "आन त्वांड उघडा तिचं. पूजा त्वांडाला करत्यात, पाटीला न्हाई."

मी झाकण उचललं. बोटं हळदीत बुडवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ट्रेच्या काठावर एक बोट हळद, एक बोट कुंकू लावलं, आणि मागे सरताना डाव्या हातातला करंडाच निसटला आणि बरीचशी हळद आत परातीत सांडली.

मी घाबरून फडक्याने वरवरची टिपून घेतली. मान वर केली तर अकराही जणी माझ्याकडे बघत होत्या. मला हसू आलं. मग अंबूबाई हसली, मग सगळ्याच हसायला लागल्या. बाकावरच्या मनुबाईला तर हसून हसून ठसका लागला. किती वर्षांत माझ्याबरोबर असं कुणी हसलं नव्हतं. माझ्यामुळे तर नाहीच.

बोटांची हळद अजून गेलेली नाही. धुतली, पण घासून धुतली नाही.

२४ ऑक्टोबर, सोमवार

मशीन: शंभरात अकरा खराब! बाकं: सहा.

अकरा कसे? टाके काळपट आणि कुठे कुठे सोल्डर धरलेलंच नाही. हौदाची उष्णता मोजली, ठीक आहे. हौदावरची साय काढली. बोर्डं बदलून पाहिली. पुण्याच्या मशीनवाल्यांना पत्र टाकलं.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

मशीन: चौदा.

जेवणाच्या सुट्टीत अंबूबाई तिथूनच ओरडली, "बाई, हिकडं या की. भिताडाकडं बघून घास कसा उतरतोय?" मी नको नको म्हणत उठले. चटईवर जागा करून दिली. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, कांदा. माझी पोळी-भाजी सगळ्यांनी थोडी थोडी घेतली. "लय अळणी खाता वो," म्हणून विजयमालाने माझ्या ताटात ठेचा वाढला. डोळ्यांतून पाणी आलं, ठेच्याने.

पूजेने हे घडवलं. मी देवभोळी नाही, पण हे मान्य करायला हवं.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

मशीन: सतरा. बाकं: पाच.

पुण्याचं उत्तर आलं. लिहितात, सुट्या भागांच्या तारा जुन्या असतील, उष्णता पाच अंशांनी वाढवा. वाढवली. काही फरक नाही. फ्लक्स दर आठवड्याला पूर्ण बदला असं पुस्तकात आहे, पण त्याचे डबे पुण्याहून यायचे ते अडकलेत. तोवर आहे त्यातच भर घालून चालवतेय.

बायका खूश आहेत आणि खोटं कशाला बोलू, मीही. रोज दुपारी चटईवर बसते. त्यांना माझी वाईची माणसं आता नावानिशी ठाऊक झालीत. मनुबाई वहिनीवर इतकी चिडते की मलाच वहिनीची बाजू घ्यावी लागते.

अंबूबाई तर आता सगळ्यांच्या आधी येते. पदर खोचून, झाकण उचलून, मशीनला रोज हळदकुंकू वाहते आणि माझ्याकडे बघून मान हलवते. मीही मान हलवते. जे मशीन आपल्या पोटावर पाय देणार, त्याचीही रोज पूजा. या बायकांच्या मनाचा मोठेपणा आपल्या शिकलेल्या लोकांत नाही.

३१ ऑक्टोबर, सोमवार

मशीन: एकोणीस.

विजयमालाने माझ्यासाठी घरून भडंग आणलं होतं. "बाई, तुमी लय भारी हाय," म्हणाली. कशाबद्दल ते विचारलं नाही. असं कुणी म्हणालं तर चौकशी करू नये.

२ नोव्हेंबर, बुधवार

चिंतामणरावांसाठी अहवाल लिहून काढला. मशीन सुरुवातीला चांगलं चाललं, पण त्यात सातत्य नाही. बाकं वाढवावीत, सहा नव्या बायका घ्याव्यात, मी शिकवीन. नव्या बाकांचं चित्रही काढलं. प्रत्येकीला वेगळा दिवा आणि बसायला पाठ असलेलं स्टूल. माझं टेबल भिंतीकडून काढून मध्ये घेतलंय. उजेड तिथे चांगला येतो.

चिंतामणराव सोमवारी येतील. अहवाल खणात ठेवलाय. आज शांत झोप लागेल.

५ नोव्हेंबर, शनिवार

फ्लक्सचे डबे आले. आज अर्धा दिवस काम होतं. सगळ्या गेल्यावर जुनं फ्लक्स काढून परात धुवायला घेतली.

तळाशी बोटभर गाळ होता. पिवळा. राळेचं पाणी मुळातच पिवळसर, त्यामुळे वरून काही कळलं नव्हतं. गाळ चिमटीत घेऊन वास घेतला. हळद.

मी तिथेच स्टुलावर बसले.

माझ्या हातून सांडलेली हळद. वरवरची पुसली आणि विसरले. ती तळाशी बसली, ढवळत राहिली, बोर्डाबरोबर तापली, जळली, आणि टाके काळे पडले. मशीनचा काहीही दोष नाही. दोन आठवडे मी उष्णता मोजली, तारा घासल्या, पुण्याला दोष दिला आणि परात उपसून पाहिली नाही. ह्यांच्या दुकानात मी असं केलं असतं तर ह्यांनी मला काउंटरवरून उठवलं असतं. डबे अडकले होते हे खरं. पण तळात पळी घालून बघायला डबे कशाला लागतात?

मला बघायचं नव्हतं. लिहून टाकते एकदाचं.

६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर घरात. अहवाल बरोबर आणलाय, तो टेबलावर पडला आहे.

कुणालाही कळणार नाही. परात धुऊन झाली, गाळ मोरीत गेला. उद्या अहवाल दिला की पाडव्याला पुण्याला नकार जाईल आणि मशीन परत ट्रकवर चढेल. सातजणी राहतील, आणखी सहा येतील. दुपारची चटई मोठी होईल.

आणि आकडा खोटा राहील. चिंतामणराव माझ्या शब्दावर पैज लावून बसलेत. आमच्या दुकानात ह्यांनी एकदा गिऱ्हाइकाच्या लहान मुलाच्या चुकीने जळालेला रेडिओ आपल्या चुकीने जळाला म्हणून सांगितलं होतं, नाही तर त्या लेकराने मार खाल्ला असता. त्यांना माणूस वाचवायला खोटं बोलता यायचं. मला काय येतं? मला तर इथे कोण वाचतंय तेही नीट सांगता येत नाही. त्या सातजणी, की मी?

हे वाक्य लिहिलं आणि उत्तर मिळालं. मला चटईवरची जागा हवी आहे. तेवढ्यासाठी मी खोटा आकडा देणार होते.

७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सात वाजता शेड उघडून नव्या फ्लक्सवर शंभर बोर्डं काढली. खराब: दोन.

मालकांच्या आधी बायकांना सांगायचं ठरवलं होतं. त्या आल्या, बाकांवर बसल्या. मी उभी राहून सांगितलं की खंडेनवमीला माझ्या हातून हळद परातीत पडली, त्यामुळे मशीन बिघडल्यासारखं वाटलं, मशीन चांगलं आहे. चूक माझी एकटीची आणि ती मी मालकांना सांगणार आहे.

मनुबाईने अंबूबाईकडे पाहिलं. अंबूबाईने तिच्या आयर्नचं टोक पुसलं. मग म्हणाली, "सांगायलाच पायजे व्हय, बाई?"

"हो, अंबूबाई."

"बरं."

चिंतामणराव दहाला आले. ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर बोललं नसतं." मी त्यांना सातजणींबद्दल विचारलं. म्हटलं, भाग बसवायला आणखी दोघी घ्या, म्हणजे सातांतल्या निदान दोघी राहतील. ते म्हणाले, त्या चौघीच जादा वेळ बसून भाग बसवतील, उगाच आशा लावू नका. दिवाळीनंतरच्या शनिवारपर्यंत मात्र सगळ्या राहतील.

दुपारी मी डबा उघडून थोडी थांबले. चटईवरून कुणी हाक मारली नाही. त्यांचं बरोबर आहे. एवढी साधी चूक मला दोन आठवडे दिसली नाही. अशा सुपरवायझरबद्दल काय आदर राहणार?

१२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

चिंतामणरावांनी पुण्याला होकार कळवला.

वाईहून पत्र नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार

आज सातजणींचा शेवटचा दिवस. चिंतामणरावांनी प्रत्येकीला लुगडं दिलं. विजयमालाचं लग्न माघात आहे, तिने पाया पडून घेतलं आणि मान वर न करता गेली. एकेकीने आपापलं आयर्न माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

अंबूबाई सगळ्यात मागे राहिली. तिच्याकडे ह्यांचं लाकडी मुठीचं आयर्न असायचं. मूठ तेलाने पुसून आणली होती.

"बाई, येक इचारू? राग नगा धरू."

"विचारा ना."

"आदी वाट दावली, मग उलटला का वो?"

मला काही कळेना. म्हणाले, "कसली वाट?"

"हळदीची." तिने दाराकडे पाहून आवाज उतरवला. "तुमी हळद सांडली, वरवर पुसली आन आमच्याकडं बघून हसला. दोन रोजात सवत वाकडी चालाया लागली. तवा आमी म्हणलं, बाईस्नी त्वांडानं सांगता येत न्हाई, हातानं सांगितलं. मग रोज सकाळी मी घालत हुते. चिमूट चिमूट. वखारीतली हळद, जाळली की डांबर हुतीया, मला ठावं हाय. तुमच्या म्होरंच घालत हुते की. तुमी मान हलवत हुता."

"मला ठाऊक नव्हतं, अंबूबाई. माझ्या हातून खरंच सांडली होती. मला वाटलं, तुम्ही पूजा करता."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता. मोजूनमापून बघावं तसं बघत होती.

"ठावं न्हवतं?"

"नव्हतं."

"मग आमी तुमास्नी चटयीवर बसिवलं, भडंग आणलं, घरचं-दारचं सांगितलं. आमाला वाटलं, तुमी आमच्यातल्या झाला."

झाले होते की, असं म्हणायचं होतं. पण कशाच्या आधारावर म्हणणार?

शेवटी तीच म्हणाली, "जाऊ द्या. चुकून का हुईना, दोन हप्तं ग्वाड गेलं." आणि आयर्न टेबलावर न ठेवता माझ्या हातात दिलं.

"आता कुठे जाणार, अंबूबाई?"

"वखार हाय की."

बाहेर पडताना खोकला ऐकू आला. जुना की आजचा, कोण जाणे.

घरी येऊन या वहीची मागची पानं वाचली. २७ ऑक्टोबरला मीच लिहिलंय, झाकण उचलून. नुसत्या हळदकुंकवाला रोज झाकण कशाला उचलावं लागतं? माझ्याच अक्षरात लिहिलेलं मला वाचता आलं नाही. आणि ३१ तारखेचं. 'तुमी लय भारी हाय.' कशाबद्दल ते त्या दिवशी विचारलं असतं तर?

तर काय केलं असतं मी? मान हलवली असती, असं वाटतं. मग सोमवारी चिंतामणरावांना सांगताना तोंडून कुणाचं नाव निघालं असतं, की माझं एकटीचं? ठाऊक नव्हतं म्हणून खरं बोलणं सोपं गेलं. एवढंच काय ते माझं खरेपण.

२१ नोव्हेंबर, सोमवार

सातही बाकं काढून मागच्या पडवीत ठेवली. शेड एकदम मोठी दिसते. चौघी दाराजवळ उजेडात भाग बसवतात आणि दुपारी बाहेर कडुलिंबाखाली जेवतात. मी त्यांच्याकडे गेले नाही, त्यांनी बोलावलं नाही. मशीनचा आवाज दिवसभर एकसारखा येतो. त्याच्यावर बोलायचं तर ओरडावं लागेल, पण तशी वेळ येत नाही.

परात मी आता रोज उपसून पाहते. काठावर खंडेनवमीच्या कुंकवाचा एक ठिपका अजून आहे. तो पुसलेला नाही, आत पडण्यासारखा नाही.

संध्याकाळी भिंग घेऊन शंभर बोर्डं एकेक करून पाहिली. सगळे टाके थेंबासारखे. एकही खराब नाही. असं या शेडमध्ये आजवर कधी झालं नव्हतं. "शंभरात शून्य!" असं मोठ्याने म्हणून मी बाकांकडे मान वळवली.